शर्यत वगैरे फारशी नसतेच
कुणीतरी लिहिलंय की गर्भ राहताना शुक्राणूंची शर्यत लागते आणि सगळ्यात जोरात पोहणारा शुक्राणू जिंकतो. शाळेपासून हेच चित्र आपल्या डोक्यात बसलंय, पण आधी पोचलेले बहुधा कामाचेच नसतात. स्त्रीच्या शरीरात काही तास काढल्यावर शुक्राणूच्या डोक्यावरचं आवरण बदलतं, तेव्हा कुठे तो स्त्रीबीजात शिरायला लायक होतो. आणि पुढे नेण्याचं बरंचसं काम गर्भाशयाचे स्नायूच करतात.

मला खरं नवल वाटतं ते दुसऱ्या टोकाचं. बीजवाहिनी (बीज गर्भाशयाकडे नेणारी नळी) बीजकोशाला, म्हणजे बीज जिथे तयार होतं त्या अवयवाला, थेट चिकटलेली नसतेच! तिच्या तोंडाशी बोटांसारखी झालर असते. बीज सुटायच्या सुमारास ती बीजकोशावरून हात फिरवावा तशी फिरते आणि जेमतेम ०.१ मिमीचा तो ठिपका आत ओढून घेते.

राहता राहिला ‘गर्भ राहतो तो फक्त चौदाव्या दिवशी’ हा मुद्दा. तो पाळीच्या २८ दिवसांच्या चक्राचा हिशोब झाला. ३५ दिवसांचं चक्र असेल तर बीज साधारण एकविसाव्या दिवशी सुटतं. ते टिकतं १२ ते २४ तास, शुक्राणू मात्र ५ दिवसांपर्यंत तग धरतात. त्यामुळे बीज सुटण्याआधीच्या संबंधातूनही गर्भ राहतो.