गोल्फ कोर्स ‘हिरवा’ म्हणून चांगलाच का? नेरुळच्या पाणथळींवरून चर्चा

खाडीकाठ (धागाकर्ता)

नेरुळला एनआरआय संकुलाजवळच्या पाणथळ जागांवर गोल्फ कोर्स आणि घरं उभी करायचा घाट घातला गेला होता, हे नवी मुंबईकरांना ठाऊक आहेच. नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला वाट करून देणारा शासनाचा निर्णय रद्द केला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. कायद्याचा कीस पाडायला हा धागा नाही. मला त्या युक्तिवादाबद्दल बोलायचंय, जो आजही चांगली शिकलेली माणसं करतात: “टॉवरपेक्षा गोल्फ कोर्स बरा, निदान हिरवं तरी राहील.”

मला हे अजिबात पटत नाही. ठाणे खाडीत भरती चढली की चिखलपट्टे पाण्याखाली जातात. तिथे चरणारे रोहित (फ्लेमिंगो), तुतारे, चिखले हे पक्षी तेवढे तास कुठे जातात? याच उथळ पाणथळींत येऊन उभे राहतात. खाडीचा भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. पण भरतीच्या वेळी टेकायची जागाच भराव घालून बुजवली, तर पक्ष्यांनी नकाशावरच्या अभयारण्यात पोहत राहायचं का? गोल्फला कोरडी, निचऱ्याची, उंचसखल जमीन लागते. म्हणजे भरतीचं पाणी अडवणं आलं, भराव आला. वर कितीही हिरवळ लावा, खालची पाणथळ मेलेली असते.

मुळाकाठची

नेरुळबद्दल तुमच्याशी सहमत. पण त्यावरून सगळ्याच गोल्फ कोर्सना एका माळेत ओवू नका. मी पुण्यात राहते. येरवड्याच्या गोल्फ कोर्सच्या आसपास काय काय उभं राहिलंय ते बघा: आयटी पार्क, मॉल, विमानतळाकडे जाणारा रस्ता. त्या सगळ्यात पाऊस जमिनीत मुरेल असा एवढा मोठा सलग तुकडा दुसरा दाखवा. जुनी झाडं आहेत, म्हणून ढोल्या आहेत, म्हणून धनेश आणि पिंगळे आहेत.

आणि हे नुसतं माझं प्रेम नाही. स्टॉकहोमच्या कोल्डिंग आणि फोल्के या दोन संशोधकांनी २००९ मध्ये जगभरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. गोल्फ कोर्सची शेजारच्या इतर जमिनींशी तुलना केली, तेव्हा ६४ टक्के तुलनांमध्ये गोल्फ कोर्स पर्यावरणदृष्ट्या सरस ठरले.

खाडीकाठ

ताई, त्याच आढाव्याचा उरलेला अर्धा भागही सांगा ना. शहरी जमीन किंवा शेतीशी तुलना केली की गोल्फ कोर्स सरस ठरतो, संरक्षित नैसर्गिक जागेशी केली की ती सरशी ओसरते. म्हणजे आधी तिथे काय होतं, यावर सगळं ठरतं. रिओच्या २०१६ ऑलिम्पिकसाठी मारापेंडी राखीव क्षेत्राचा लचका तोडून गोल्फ कोर्स केला. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनजवळच्या मेनी इथे सरकत्या वाळूच्या टेकड्यांवर ट्रम्प यांचा कोर्स आला. त्या टेकड्या विशेष वैज्ञानिक महत्त्वाच्या म्हणून संरक्षित होत्या. वाळू स्थिर केल्यावर तिचं वैशिष्ट्यच गेलं, म्हणून २०२० मध्ये त्या भागाचा दर्जाच काढून घेतला. वरून बघाल तर हिरवंगारच आहे सगळं!

तुषारसिंचन

पाण्याचा हिशेब कोणीच मांडत नाही, म्हणून मी मांडतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १० हजार लिटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हिरवळ दिवसाला सहज ५ मिलिमीटर पिते. १८ होलच्या, म्हणजे पूर्ण आकाराच्या कोर्सवर २५ हेक्टर हिरवळ भिजवायची म्हटलं, तर रोजचे साडेबारा लाख लिटर. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हा आपला मापदंड. भागाकार केला तर नऊ हजारांवर माणसांचं पाणी. एप्रिल-मे महिन्यांत, टँकरच्या दिवसांत.

मैदानसांभाळ

माझं आयुष्य हिरवळ राखण्यात गेलंय, म्हणून लिहितोय. २५ हेक्टर सगळीच्या सगळी रोज ५ मिलिमीटर भिजवणारा माणूस माळी नव्हे, उधळ्या म्हणायचा. आपल्या हवेत फेअरवेला, म्हणजे चेंडू मारत न्यायच्या लांब पट्ट्याला, बहुतेक हरळीच्या जाती असतात. हरळीला ताण सोसतो, उन्हाळ्यात पिवळी पडली तरी पावसाला परत उठते. दोष बघणाऱ्याच्या डोळ्यांचा आहे. दूरदर्शनवर परदेशातले कोर्स बघून सभासदांना मे महिन्यातही पाचूसारखं मैदान हवं असतं.

खरी जपणूक लागते ती होलभोवतीच्या ग्रीन्सना, जिथे गवत तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं असतं. एवढं खरडलेलं गवत आजारी पडतंच, म्हणून बुरशीनाशकं तिथे जास्त. पण सगळी ग्रीन्स मिळून जेमतेम एक हेक्टर भरते. कडेचं रफ (उंच गवत) मोकळं वाढू दिलं, तळ्यांच्या काठचं गवत कापलं नाही, तर साप, बेडूक, टिटव्या आपणहून येतात. आणि पाण्यावर एवढं तुटून पडायचं असेल तर आधी उसावर बोला. पिकाखालच्या जमिनीत त्याचा वाटा किती कमी आणि सिंचनाच्या पाण्यात किती जास्त, हे तुषारसिंचन यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल.

तुषारसिंचन

उसावर बोलतोच, आणि शिव्याही खातो. पण उसावर निदान लाखो कुटुंबांची चूल पेटते. “फक्त ग्रीन्सवर औषध” हेही मला पुरेसं वाटत नाही. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर एका गोल्फ कोर्सवर डायझिनॉन हे कीटकनाशक फवारलं. तिथलं गवत खाऊन ब्रांट जातीचे सुमारे ७०० हंस मेले. पुढे अमेरिकेने गोल्फ कोर्सवर ते औषध वापरायला बंदी घातली. पक्षी मेल्यावर.

रेडीकर

सगळे पक्षी आणि गवतावर बोलतायत, माणसांचं काय? तेरेखोल गाव गोव्याचं, पण नदीच्या आमच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या तीरावर. तिथे गोल्फ रिसॉर्ट येणार म्हणून जमिनींचे व्यवहार झाले, कुळं विरोधात उभी राहिली, प्रकरण न्यायालयांत गेलं. काजू-नारळाची बागायत ही सुद्धा हिरवीच. तिच्यात गुरं चरतात, पाखरं असतात, वाटेवरून कोणीही जातं. ती काढून कुंपणाआडची हिरवळ आणायची आणि त्याला पर्यावरण म्हणायचं, हे आम्ही का मानावं?

मुळाकाठची

रेडीकर, तुमचं म्हणणं मनाला लागलं. नवा कोर्स बागायत, पाणथळ किंवा टेकडी मोडून होत असेल तर माझाही विरोधच. माझा मुद्दा जुन्या कोर्सपुरता आहे. ते उद्या ‘पाणी खातात’ म्हणून बंद केले, तर तिथे जंगल होणार नाही, एफएसआय होईल, म्हणजे बांधकामं उभी राहतील. त्यापेक्षा त्यांना पिण्याचं पाणी आणि बोअर दोन्ही बंद करा, फक्त प्रक्रिया केलेलं सांडपाणी द्या.

खाडीकाठ

जुने कोर्स राहू द्यायला माझी हरकत नाही. पण प्रक्रिया केलेलं पाणीही कोणाच्या तरी हक्काचं असतं. तुमच्याच पुण्यात ते मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) बेबी कालव्याला, शेतीसाठी सोडायचं ठरलेलं आहे. गोल्फला किती देणार आणि ते कोणाच्या वाट्यातून कापणार?

मैदानसांभाळ

ग्रीन्स आणि टी (पहिला फटका मारायची जागा) एवढ्यापुरतं द्या. बाकी फेअरवे पिवळी राहू द्या, हरळी मरत नाही. सभासदांना हे सांगायला कमिटीत बसलेल्यांची तयारी हवी, तीच आजवर मला कुठे दिसलेली नाही.