मदत हवी आहे: ऊसतोड आठवड्यावर आली, बांधापलीकडे बिबट्याचे वाटणारे ठसे दिसलेत, शेळ्यांचा गोठा कसा बंद करू?

मांडवीकाठ:
नमस्कार मंडळी. शेत ओतूरच्या बाजूला. घराला लागून अडीच एकर आडसाली ऊस आहे, तोडणी मजुरांची टोळी साधारण आठ दिवसांनी येईल. बांधापलीकडच्या कांद्याला पाणी दिलं, त्या चिखलात ठसे उमटलेत. गोल आहेत, साडेसात सेंटिमीटर रुंद, नखं कुठेच दिसत नाहीत.
गोठ्यात १२ शेळ्या. गोठा १० बाय १४ फूट, ३ फूट विटांची भिंत, त्यावर बांबूचा कूड, वर सिमेंटचे पत्रे. कूड आणि पत्रा यांच्यात हवेसाठी फूट-दीड फूट मोकळी जागा सोडली आहे. लाकडी दार, मधोमध एक कडी.
विचारायचं असं: ठसे बिबट्याचे की तरसाचे? गोठ्याला नेमकी कोणती जाळी, किती लागेल? तोडणीत पिल्लं निघाली तर काय करायचं? आणि पिंजरा मागावा का? गावात सगळे तेच म्हणतायत.

पाचट:
ताई, बिबट्याच. तरस आणि कुत्रा यांची नखं मातीत उमटतात, बिबट्या ती आत ओढून चालतो. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा बराच मोठा असतो. बिबट्याच्या तळव्याच्या गादीला मागच्या कडेला तीन उंचवटे दिसतील, ते तपासा. चिखलात ठसा पसरतो, त्यामुळे माप जरा घट्ट मातीतल्या ठशाचं घ्या. शेजारी तसेच पण निम्म्याहून लहान ठसे आहेत का, हे आधी बघा. असतील तर मादी पिल्लांसह उसातच आहे असं धरून चाला आणि तोडणीआधीच वनरक्षकाला कळवा.

अँगलपट्टी:
गोठ्याबद्दल. तुमचा कच्चा दुवा बांबू नव्हे, ती दीड फुटाची फट आहे. ३ फुटांची भिंत बिबट्याला पायरीसारखी. वर चढून फटीतून आत उतरतो. आत शेळ्यांना पळायला वाट नसते, म्हणून एक नेऊन थांबत नाही, पाच-सहा मारून ठेवतो. अर्धवट बंद गोठा उघड्यापेक्षा वाईट, तो यासाठी.

सामान असं:
जाळी चेनलिंक (विणलेल्या तारेची), १० गेज (तारेची जाडी, आकडा वाढला की तार बारीक), २ बाय २ इंच भोक, ५ फूट पन्ह्याची. गोठ्याचा घेर ४८ फूट, दाराचे ३ वजा केले की ४५. पत्र्याखाली आडवी जाळी हवी, कारण सिमेंटचा जुना पत्रा ५०-६० किलोच्या जनावराने उडी मारली की तडकतो. त्यासाठी १४ फुटांचे दोन पट्टे, म्हणजे २८. एकूण ७३, सांधे धरून ८० फूट घ्या. दुकानदार किलोवर विकतो, तेव्हा गेज नीट मोजून घ्या. तीन इंची भोक स्वस्त पडतं पण त्यातून पंजा आत येतो, आणि शेळी भिंतीवर पाय ठेवून जाळीला टेकली की पाय ओढला जातो.

खांब ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटर लोखंडी अँगलचे, दर ५ फुटांवर एक, दहा नग. भिंतीच्या आतल्या बाजूने दीड फूट खोल गाडून १:२:४ काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी). जाळी बांधायला बाइंडिंगची तार वापरू नका. शेळ्यांच्या मुताने वर्षभरात ती गंजते आणि जाळी नुसती लोंबकळत राहते. २५ बाय ३ मिलिमीटरची पट्टी जाळीवर दाबून खांबाला वेल्ड करा. चेनलिंकची एक तार तुटली की पुढची वीण उसवत जाते, म्हणून वरची आणि खालची कड पट्टीत पकडलीच पाहिजे.

दार सव्वा इंची अँगलच्या चौकटीत, आतून १८ गेज पत्रा, कड्या दोन: एक वर, एक खाली. एकच कडी मधोमध असली की खालचा कोपरा ढकलला जातो आणि बिबट्याला तेवढं पुरतं. दार आणि उंबरा यांच्यात दोन इंचांपेक्षा जास्त फट ठेवू नका.

आता वेळेचं गणित. काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं, म्हणजे आज खांब गाडले तरी टोळी येईपर्यंत जेमतेम. तोवर शेळ्या रात्री पक्क्या खोलीत ठेवा. खिडकी बंद करून कोंडू नका, मुताच्या अमोनियाने डोळ्यांतून पाणी येतं आणि खोकला धरतो. खिडकीला गज असतील तर त्यावर जाळीचा तुकडा ठोका.

रानवारा:
वरचं सगळं बरोबर, एक जोडतो. गोठ्याशेजारी हत्तीगवत असेल तर आधी ते कापा. चांगली भक्कम जाळी लावतात आणि तिच्यापासून पाच फुटांवर दबा धरायला जागा ठेवतात. घराभोवती आणि गोठ्याभोवती ४०-५० फूट मोकळं हवं. आसपास कोंबड्यांचं शेड असेल तर मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकण्याची सवय बंद करायला लावा. ३-४ फूट खड्डा, वर चुना, वर माती. त्या कोंबड्यांवर आधी कुत्री येतात, कुत्र्यांवर बिबट्या.

मांडवीकाठ:
फार उपयोगाचं. कुत्रा गोठ्याबाहेर बांधला तर राखण होईल ना? आणि एकजण म्हणाला की जाळीला रात्री करंट सोड.

अँगलपट्टी:
साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवलं. राखण हवी तर कुत्राही जाळीच्या आत.
करंटचं डोक्यातून काढा. घरची लाइन जाळीला जोडणं हा गुन्हा आहे, आणि त्यात बिबट्याआधी घरातलं पोर किंवा ओला हात लावणारा गडी जातो. झटका मशीन वेगळं, ते सेकंदाला एखादा क्षणिक झटका देतं. डुकरांसाठी शेताच्या कडेला चालतं, पण गवताचं पान तारेला टेकलं किंवा अर्थिंगचा रॉड कोरड्या मातीत असला की झटका मरतो. गोठ्याला त्याची गरजच नाही.

कोयताबंद:
तोडणीबद्दल. चारही बाजूंनी आत येत मधे उभ्या उसाचं ठिगळ सोडायचं, ही सगळ्यात घातक पद्धत. जनावर त्या ठिगळात कोंडतं आणि शेवटच्या दहा सऱ्यांत माणसांच्या अंगावरून निघतं. घराकडून किंवा रस्त्याकडून सुरुवात करा आणि ओढ्याकडे, नाहीतर शेजारच्या उभ्या उसाकडे सरकत जा. पळायची बाजू मोकळी ठेवा, तिथे ट्रॅक्टर उभा करू नका. ऊस पेटवून तोडू नका, पिल्लं आत जळतात. अंधार पडायच्या तासभर आधी कोयते थांबवा. मुकादमाला हे सगळं आदल्या दिवशीच सांगा, कारण टोळीची घाई ऊसगाडीच्या फेऱ्यांची असते.
टोळीतली लहान मुलं वाढ्यांच्या (उसाच्या शेंड्यांच्या) ढिगाशेजारी झोपवतात. ते होऊ देऊ नका. मोकळ्या जागी, एका मोठ्या माणसाच्या नजरेसमोर. टोळीच्या कोप्याही (झोपड्या) उसाला चिकटून नकोत. शौचाला एकट्याने उसाकडे जाऊ नये. उकिडवं बसलेलं माणूस बिबट्याला छोटं जनावर वाटतं.

पिल्लं निघाली तर: हात लावू नका, फोटोसाठी गावात फिरवू नका. त्या बाजूच्या १०-१२ सऱ्या उभ्या सोडून माणसं मागे घ्या आणि १९२६ या वनविभागाच्या हेल्पलाइनवर फोन करा. ते पिल्लं तपासतात, आणि संध्याकाळी सापडलेल्याच जागी खोक्यात ठेवून कॅमेरे लावतात. आई बहुतेक वेळा रात्रीतून घेऊन जाते. जागा बदलली की ती वस्तीभोवती घिरट्या घालते आणि मग खरा धोका सुरू होतो.

पाचट:
पिल्लू बिबट्याचंच आहे का, तेही बघा. जुन्नर-आंबेगावच्या उसात वाघाटीची पिल्लं पुष्कळदा निघतात आणि बिबट्याची म्हणून आरडाओरडा होतो. वाघाटी जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी, पूर्ण वाढली तरी दीड किलोच्या आसपास. पिल्लू मुठीएवढं, अंगावरचे ठिपके ओळीत. बिबट्याच्या पिल्लाचे ठिपके दाट, आणि पंजे अंगाच्या मानाने भलते मोठे. वाघाटी उसातले उंदीर खाते, शेळीशी तिचा संबंध नाही. उभ्या उसात ती नांदतेय हे भाग्यच समजा. पिल्लं सापडली तर रीत तीच, जागेवरच ठेवायची.

रानवारा:
पिंजऱ्याचं राहिलं. पिंजरा लावायचा की नाही ते वनविभाग ठरवतो, आपण अर्ज देऊ शकतो. माणसावर हल्ला झाला असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या ठशांवर मागू नये असं माझं मत. २००१ नंतर जुन्नर भागातून बरेच बिबटे पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढल्याचं अभ्यासात दिसलं. रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या धरतो, आणि सोडलेला अनोळखी मुलखात भटकतो. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात ज्यांना परत सोडता येत नाही असे बिबटे आहेत, तिथली जागाही अमर्याद नाही.
नुकसान झालंच तर ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मेलेली शेळी हलवू नका. भरपाई बाजारभावाच्या ७५ टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेत. शेळीच्या कानात बिल्ला असेल तर वाद कमी होतो. मेलेल्या शेळीवर विष टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, किमान तीन वर्षांची शिक्षा.
आणि शेतीच्या थ्री-फेज विजेची पाळी रात्रीची असेल तर सिमवर चालणारा मोबाइल स्टार्टर बसवा. मोटर चालू करायला अंधारात विहिरीवर जाणं टळतं. जावंच लागलं तर दोघांनी, टॉर्च आणि घुंगराची काठी घेऊन, मोठ्याने बोलत.

मांडवीकाठ:
खांबांचे खड्डे आज घेतले. लहान ठसे दिसले नाहीत, तरी वनरक्षकांना कळवलंय, ते उद्या येतायत. एक अडचण: बाजारात १० गेज नाही, १२ गेजच मिळतेय. चालेल का?

अँगलपट्टी:
१२ गेज म्हणजे साधारण २.६ मिलिमीटर, १० गेज सव्वातीन. वरच्या भागाला आणि पत्र्याखाली १२ चालेल, पण खांब ५ ऐवजी ४ फुटांवर घ्या आणि मधोमध एक आडवी पट्टी वाढवा. भिंतीलगतचा खालचा फूटभर भाग मात्र जाळीवर सोडू नका, तिथे आतून पत्रा मारा. शेळ्या भिंतीवर पाय ठेवून तिथेच टेकतात.