पावसाळ्यात एअर प्लांटला पाणी किती द्यावे? बल्बोसा कुजले, आयोनान्था वाचवायचे आहे

सर्वांना नमस्कार.

मी ठाण्यात घोडबंदर रस्त्याजवळ राहते आणि अकराव्या मजल्यावरच्या पश्चिमेकडील बाल्कनीत बरीच वर्षे झाडे लावते. गेल्या जानेवारीत मी प्रथमच मातीविना वाढणारी झाडे आणली. टिलँडसिया प्रजातीतील आयोनान्था या जातीची दोन आणि बल्बोसा या जातीचे एक. त्यांपैकी बल्बोसा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात गेले. उरलेल्या दोघांवर तीच वेळ येऊ नये म्हणून हा धागा काढला आहे.

रोपवाटिकेत मला ‘रोज फवारा मारा, बाकी काही करावे लागत नाही’ एवढेच सांगण्यात आले होते. त्याप्रमाणे मी सकाळ-संध्याकाळ फवारा मारत आले. मे अखेरपर्यंत काही बिघडले नाही; उलट फेब्रुवारीत एका आयोनान्थाची मधली पाने कुंकवासारखी लाल झाली, त्यांतून नळीसारखी जांभळी फुले डोकावली आणि ती सुकल्यावर बुडाशी दोन पिल्ले धरली. जून लागल्यावरही मी फवारा थांबवला नाही, आणि बहुधा इथेच चुकले. बल्बोसाचे बूड कांद्यासारखे फुगीर असते. त्याची वळणदार पाने शेवटपर्यंत हिरवीगार दिसत होती, त्यामुळे आत काय चालले आहे याचा मला पत्ताच लागला नाही. एके दिवशी त्याला हात लावला, तर एक पान अलगद निघून आले. त्याचा बुडाकडचा भाग तपकिरी आणि बुळबुळीत झाला होता, आणि फुगीर बूड दाबताच कुबट वासाचे करडे पाणी बाहेर आले.

दोन्ही आयोनान्था सध्या आंब्याच्या लाकडाच्या तुकड्यावर तांब्याच्या बारीक तारेने बांधलेली आहेत. घरातील वडीलधारी मंडळी त्यांना बांडगूळ म्हणतात. ते खरे नाही, कारण बांडगूळ यजमान झाडात मुळे खुपसून रस ओढते आणि ही झाडे आमरीप्रमाणे आधाराला नुसती धरून राहतात, एवढे मी वाचले आहे. पाण्याचे गणित मात्र मला अजून उमगलेले नाही. आपल्याकडच्या पावसाळी हवेत त्यांना वेगळे पाणी द्यावे का? फुलून गेलेल्या झाडाची खालची पाने वाळत चालली आहेत; तेही कुजण्याचेच लक्षण आहे का, आणि पिल्ले आताच वेगळी करावीत का?

प्रतिसाद

ताई, बल्बोसाचे वाचून वाईट वाटले, कारण नेरुळला माझ्याही पहिल्या पावसाळ्यात याच जातीचे एक झाड असेच गेले. मूळ प्रदेशात बल्बोसाचे पोकळ बूड हे मुंग्यांचे घर असते. ती पोकळी पाणी साठवण्यासाठी नसते, आणि तिथे शिरलेले पाणी झाड उलटे केल्याशिवाय निघत नाही. दमट हवा त्याला आवडते, पण बुडात अडकलेले पाणी सोसत नाही.

या झाडांची मुळे मुख्यतः आधाराला पकडण्यापुरती असतात आणि पाणी पानांवरचे खवल्यांसारखे बारीक पांढरे केस शोषतात. आयोनान्थाचे कोरडे पान राखाडी दिसते आणि भिजताच हिरवे होते, ते या केसांमुळेच. दुसरे असे की या झाडांच्या पानांवरची रंध्रे, म्हणजे हवा घेण्याची बारीक छिद्रे, रात्री उघडतात. संध्याकाळी फवारा मारला की पानावर पाण्याचा पापुद्रा राहतो आणि झाडाला रात्री हवा घेता येत नाही. म्हणून संध्याकाळचा फवारा बाराही महिने बंद करा.

मी डिसेंबर ते मार्च आठवड्यातून एकदा सकाळी वीस मिनिटे झाड बुडवून ठेवतो, एप्रिल-मेमध्ये दोनदा. जुलै-ऑगस्टमध्ये दहा-बारा दिवसांतून एकदा नुसते बुचकळून काढतो. नंतर ते झटकून उलटे ठेवतो, आणि चार तासांत वाळले नाही तर पंख्याखाली नेतो. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने या प्रजातीला एलियास टिलँड्झ या वैद्याचे नाव दिले. समुद्रप्रवासाचा त्रास झाल्यामुळे हा गृहस्थ जहाज टाळून आखाताला वळसा घालत जमिनीवरून घरी परतला, अशी कथा सांगतात. या झाडांनाही ओल आवडत नाही असे लिनियसला वाटले होते.

खालची पाने वाळत असली तरी घाबरू नका. आयोनान्थाचा एक झुबका एकदाच फुलतो आणि पिल्लांना पोसत हळूहळू संपतो. पाने कोरडी व कडक असतील तर ते नैसर्गिक आहे. मऊ आणि काळपट असतील तर कुजणे सुरू झाले आहे. पिल्लू आईच्या निम्म्याएवढे होईपर्यंत वेगळे करू नका. मी तर वेगळे करतच नाही, कारण गुच्छ अधिक देखणा दिसतो.

तांब्याची तार मात्र आजच काढा. अननसाच्या कुळातील या झाडांना तांबे विषासारखे बाधते, आणि ओल्या हवेत तर अधिकच. तिच्याऐवजी तंगूस वापरा.

धागाकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. तार आताच काढली. जिथे ती टेकली होती तिथे एका पानावर काळी रेघ उमटली आहे. बाकी बूड दाबून पाहिले, ते कडक लागते. एक पिल्लू सुपारीएवढे आहे, दुसरे वाटाण्याएवढे. दोन्ही आईजवळच राहू देते. पंखा रात्रभर चालू ठेवावा लागेल का?

प्रतिसाद

नाही, सकाळी बुचकळल्यावर दोन-तीन तास पुरतात. पाने बेचक्यापर्यंत पुन्हा राखाडी दिसली की पंखा बंद करा. काळी रेघ पुढे सरकते का, तेवढे आठवडाभर पाहा आणि इथे कळवा.