मदत हवी आहे: मुलांकडून वेबसाइट कशी तपासून घ्यावी?

नमस्कार मंडळी, आम्ही काही शिक्षकांनी पाचवी-सहावीसाठी गणिताच्या सरावाची मराठी वेबसाइट केली आहे. ती वापरायला सोपी आहे का, हे मुलांकडूनच तपासायचंय. जॉन ब्रुक यांची १९८६ ची दहा विधानांची 'सिस्टिम युजेबिलिटी स्केल' (एखादी गोष्ट वापरायला किती सोपी वाटली हे मोजणारी प्रश्नावली) पाहिली. पण त्यात एक विधान होकारार्थी, पुढचं नकारार्थी. दहा वर्षांचं मूल गोंधळणारच. त्यापेक्षा "अपूर्णांकांचा सराव शोध" एवढंच सांगून ते कुठे अडतं हे शेजारी बसून बघावं का? बहुतेक मुलं पालकांच्या मोबाइलवरच उघडणार, त्यामुळे लहान स्क्रीनवर जोडाक्षरं वाचता येतील ना, हीच मोठी काळजी. अक्षर-पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट (दोन्हींच्या उजळपणातला फरक) ४.५:१ ठेवलाय. लहान मुलांबरोबर अशी चाचणी कुणी घेतली असेल तर प्रश्न कसे विचारले, कृपया सांगा.