हॉट-वायर भिंतीजवळ वेग जास्त दाखवतेय, काय करू?

नवखा_वारा: नमस्कार मंडळी. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी विंड टनेलमध्ये (कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात) ॲल्युमिनियमच्या सपाट प्लेटवरचा वाऱ्याचा वेग हॉट-वायरने, म्हणजे तापवलेल्या बारीक तारेने मोजतोय; प्लेट हीच माझी भिंत. वारा १० मी/से, तार टंगस्टनची, ५ मायक्रॉन जाडीची. प्लेटपासून ०.१ मिमीपर्यंत वेग नीट उतरतो, त्याहून जवळ गेलं की चक्क चढायला लागतो! सर म्हणतात कॅलिब्रेशन (तारेचं व्होल्टेज माहीत असलेल्या वेगाशी जुळवणं) बिघडलंय. तीनदा केलं. त्यापेक्षा बारीक पिटो (दाबावरून वेग काढणारी नळी) लावू का?

तारेवरचा: कॅलिब्रेशनला कशाला बोल लावता? तार वेग मोजतच नाही, तिची उष्णता किती जाते ते मोजते; जास्त गेली की व्होल्टेज चढतं. अगदी जवळ गेल्यावर प्लेटही ती उष्णता ओढते, आणि ॲल्युमिनियम तर अधाशीच. खात्री करायची तर पंखा बंद ठेवून तार हळूहळू खाली आणा. वारा नसताना व्होल्टेज चढलं की चोर सापडला.
पिटोचा नाद सोडा. १ मी/से वेगाला दाब जेमतेम ०.६ पास्कल. शिवाय नळीच तुमच्या अंतराहून जाड.

भोवरा: +१. घर्षणवेग (भिंतीवरच्या घर्षणावरून काढलेला वेग) ०.४ मी/सेच्या आसपास धरला तर भिंतीजवळच्या लांबीचं एकक ०.०४ मिमी पडतं. त्याच्या चौपटीच्या आतले, म्हणजे साधारण ०.१५ मिमीखालचे बिंदू सरळ टाकून द्या. दुरुस्तीची सूत्रं मिळतात, पण ती प्लेट कशाची आणि तार किती तापवलेली यावर ठरतात. उसनं सूत्र चिकटवू नका. जमलं तर ॲक्रिलिकची प्लेट घ्या, त्रास बराच कमी होतो.

जुना_टनेलवाला: ते सगळं ठीक, पण ०.१ मिमी मोजलं कुठून? तार टेकवून? मग गोंधळाचं मूळ तिथंही असेल. प्लेट चकचकीत असेल तर बाजूने भिंगातून तार आणि तिचं प्रतिबिंब बघा. दोघांमधल्या अंतराच्या निम्मं ते खरं अंतर. हे वारा चालू ठेवून करा, वाऱ्याने प्रोबची (तार धरणाऱ्या साधनाची) दांडी किंचित वाकते. आणि मोजताना ट्रॅव्हर्स (तार वर-खाली सरकवणारी स्क्रूची यंत्रणा) भिंतीकडून वरच न्यायचा, मध्येच मागे फिरवलात की स्क्रूची ढिलाई आकड्यात शिरते. हो, आणि हवेचं तापमान दर वेळी टिपा. आमचा टनेल दुपारी असा तापायचा की सकाळचं कॅलिब्रेशन चहापर्यंत शिळं.

नवखा_वारा: पंखा बंद करून पाहिलं. व्होल्टेज चढलं! प्रतिबिंबाने मोजलं तर माझं शून्यही ०.०६ मिमीने चुकलेलं. उद्या ॲक्रिलिक कापून आणतो. या नादात एक तार मात्र तुटली, सरांना अजून सांगितलेलं नाही.