‘ट्रेड सीक्रेट क्लेम’ला मराठीत काय म्हणावं?

भुसावळहून: कामगारांच्या सुरक्षा प्रशिक्षणासाठी अमेरिकेतल्या रसायन-माहितीच्या कायद्यावरचा मजकूर मराठीत आणतोय. ‘ट्रेड सीक्रेट क्लेम’ दर चार ओळींनी येतं. मी ‘गोपनीयतेचा हक्क’ लिहिलं, तर सेफ्टी ऑफिसरनी त्याभोवती लाल गोल काढला. काय लिहू?

धुळ्याहून: भाऊ, गोल बरोबर आहे. हक्क म्हणजे पदरात पडलेली गोष्ट. इथे कंपनी नुसतं म्हणतेय, की रसायनाचं नाव हे आमच्या धंद्याचं गुपित, सांगणार नाही; मान्य व्हायचंय अजून. म्हणून ‘दावा’. कोर्टकचेरी आठवते, आठवू दे, कारण सिद्धही करावा लागतोच. भोपाळची वायुगळती झाली डिसेंबर 1984 ला, हा कायदा त्यानंतरच आला, 1986 ला. कंपनीला दाखवावं लागतं की रसायनाचं नाव तिने बाहेर फोडलेलं नाही, दुसऱ्या कायद्याने ते सांगणं भाग नाही, उघड झालं तर स्पर्धेत मोठा फटका बसेल, आणि नुसता माल तपासून कुणाला ते सहज ओळखता येणार नाही. उगाच ठोकलेल्या दाव्याला मूळ कायद्यातच 25,000 डॉलर दंड आहे.

अमळनेरहून: दावा ठीक, पण ‘गोपनीय’ही काढा. संस्कृत ‘गुप्’ म्हणजे आधी राखणं, मग लपवणं. गोपनीय म्हणजे राखण्याजोगं. फायलीवर शिक्का असतो, पण साहेबाला आत काय आहे ते ठाऊक असतं. गुपित म्हणजे ती लपवलेली गोष्टच. गंमत म्हणजे त्या कायद्यात दोन्ही वेगवेगळे आहेत. रसायन आवारात नेमकं कुठे ठेवलंय हे जनतेपासून राखायला सांगता येतं, अग्निशमन दलाला मात्र कळतं. हे गोपनीय. रसायनाचं नेमकं नाव फक्त केंद्रीय पर्यावरण संस्थेकडे जातं, आणीबाणीची तयारी करणाऱ्या स्थानिक समितीलासुद्धा नाही. हे गुपित. ‘व्यापार गुपित’ लिहा.

भुसावळहून: ताई, मग समितीच्या कागदावर नावाच्या जागी काय?

अमळनेरहून: वर्गाचं नाव. टोल्युईनऐवजी ‘ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन’. ते ‘सुगंधी’ तेवढं करू नका, लोकांना अत्तर वाटेल.

जळगावहून: आमच्या गल्लीतला काळा मसाला आठवला. मिरची, खोबरं, दगडफूल सगळं पाकिटावर छापतात, प्रमाण विचारलं की म्हातारी हसते. तिथे नावं उघडी, मोजमाप झाकलेलं. इथे नाव झाकायचं, पण धोका उघडाच ठेवायचा. गळती झाली की तातडीच्या सूचनेत नावही लपवता येत नाही. आणीबाणीत डॉक्टरने मागितलं तर लगेच द्यायचं, गुप्ततेच्या करारावर सह्या नंतर. आपल्या माहिती अधिकार कायद्यातही (2005, कलम 8) व्यापार गुपित राखता येतं, पण व्यापक जनहित आलं की देता येतं. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्यात भोपाळनंतर, 1987 ला, 41-ख कलम घातलं होतं: धोका कामगारांना आणि आसपासच्या लोकांना सांगायचा. मजकुरात हे आपलंही जोडा, नाहीतर पोरांना वाटेल अमेरिकेची गोष्ट आहे.

धुळ्याहून: अहिराणीत लपवण्याला ‘दपाडनं’ आहे की! व्यापार गुपित म्हणजे दपाडेल नाव. वर्गात सांगताना हेच चालेल, छापू नका.

भुसावळहून: काल सांगून पाहिलं. ड्रमवर नाव नाही, नुसता आकडा, असं चित्र दाखवलं. मागच्या बाकावरचा एक जण उठला, “नाव दपाडा भाऊ, पन डोयामा गयं तं काय करानं ते तं सांगा.” सेफ्टी ऑफिसर म्हणाले, हेच वाक्य आधी घ्या. घेतलंय. खाली प्रमाण मराठीत: ‘व्यापार गुपिताचा दावा रसायनाच्या नावापुरता असतो. त्याचा धोका आणि प्रथमोपचार लपवता येत नाहीत.’ लाल गोल आलेला नाही अजून.