जर्मनीच्या सीडीयूची ख्रिस्ती मूल्यं: खरी की मतांपुरती?

राइनकाठ
२९ जानेवारी २०२५ ला जर्मन संसदेत सीडीयूचे, म्हणजे ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे, नेते फ्रीडरिश मेर्त्स यांचा स्थलांतराविरुद्धचा कडक ठराव एएफडी या अतिउजव्या पक्षाच्या मतांवर मंजूर झाला. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्चच्या बर्लिनमधल्या कार्यालयांनी खासदारांना आधीच पत्र लिहून सावध केलं होतं. दुसऱ्या दिवशी याच पक्षाच्या माजी चॅन्सेलर (सरकारप्रमुख) मर्केल यांनी निवेदन काढून हे चुकलं असं सांगितलं. तेव्हापासून इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांत एकच सूर ऐकतोय, की या पक्षाची मूल्यं पहिल्यापासून दाखवायचीच होती. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

१९४५ च्या आधी जर्मनीत कॅथलिकांचा स्वतःचा पक्ष होता, त्सेंट्रुम. जर्मन साम्राज्याचा पहिला चॅन्सेलर बिस्मार्क याने कॅथलिक चर्चवर वरवंटा फिरवला तेव्हा हाच पक्ष त्याला पुरून उरला. पण प्रोटेस्टंट मतदार त्याच्याकडे फिरकत नसत. युद्धानंतर कोलोन आणि बर्लिनच्या ढिगाऱ्यांत दोन्ही पंथांची माणसं एका पक्षात आली, तो सीडीयू. ज्या देशात या दोन पंथांनी तीस वर्षं एकमेकांचं रक्त सांडलं, तिथे ही गोष्ट साधी नाही. कोनराड आडेनाउअर यांना नाझींनी कोलोनच्या महापौरपदावरून हाकललं होतं, तेच पुढे १९४९ ते १९६३ चॅन्सेलर राहिले.

आणि मूल्यं म्हणाल तर कायद्यात बघा. १९५२ चा 'लास्टेनआउसग्लाइश', म्हणजे युद्धाचा बोजा सगळ्यांनी वाटून घेण्याचा कायदा. ज्यांची मालमत्ता युद्धातून वाचली त्यांनी तिच्या निम्म्या किमतीएवढी रक्कम तीस वर्षांच्या हप्त्यांत भरायची आणि ती ज्यांचं सगळं गेलं त्यांना द्यायची. तेव्हा पूर्वेकडच्या प्रदेशांतून हाकललेले सुमारे ८० लाख जर्मन पश्चिम जर्मनीत होते. १९५७ मध्ये पेन्शन पगारवाढीला जोडली. कामगाराला पोटापुरतं वेतन मिळालं पाहिजे, हे पोप लिओ तेरावे १८९१ मध्येच लिहून गेले होते. या पक्षातल्या कामगार गटाचं बाळकडू ते.

निर्भीड_वाचक
असहमत. इतिहास सोयीने सांगताय.

मार्च १९३३ मध्ये हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्याच्या बाजूने याच त्सेंट्रुमने मतदान केलं. सोशल डेमोक्रॅट मात्र विरोधात उभे राहिले. मग हान्स ग्लोब्के. न्यूरेनबर्गच्या वंशकायद्यांवर भाष्य लिहिणारा हा अधिकारी १९५३ पासून दहा वर्षं आडेनाउअर यांच्या कार्यालयाचा प्रमुख होता! १९६६ मध्ये चॅन्सेलर झालेले सीडीयूचे कीसिंगर नाझी पक्षाचे माजी सदस्य. इस्रायलला भरपाई देण्याचा करार १९५३ मध्ये संसदेत आला तेव्हा स्वपक्षाचे कितीतरी खासदार तटस्थ बसले. विरोधकांनी हात दिला म्हणून तो वाचला.

पेन्शनचं कौतुकही आवरा. कायदा जानेवारीत, निवडणूक सप्टेंबरात, मतं ५०.२ टक्के. सीडीयूच्या १९४७ च्या आलेन जाहीरनाम्यात भांडवलशाही जनतेच्या हिताची ठरली नाही असं ठणकावून सांगितलं होतं ना? दोन वर्षांत तो गुंडाळून पुढे अर्थमंत्री झालेल्या एरहार्ड यांची बाजारव्यवस्था आणली. कोळसा-पोलाद कंपन्यांच्या मंडळावर कामगारांना निम्म्या जागा मिळाल्या, त्याही संपाची तयारी झाल्यावर.

आणि आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट कशी विसरलात? २००० साली सोशल डेमोक्रॅट श्र्योडर यांच्या सरकारने परदेशी आयटीवाल्यांसाठी ग्रीन कार्ड काढलं, तेव्हा सीडीयूच्या युर्गन र्‍युटगर्स यांच्या राज्य निवडणुकीतल्या प्रचाराची घोषणा होती, 'किंडर श्टाट इंडर'. भारतीय आणण्यापेक्षा आपली मुलं शिकवा. शेजाऱ्यावर प्रेम ते हेच का?

नेकारवाली
मी स्टुटगार्टला राहते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी सायलेशियातून (आता बहुतेक पोलंडात) लहानपणी आलेल्या. त्यांच्याकडे आईची जुनी फाइल आहे. सोडून आलेल्या घरातल्या एकेका वस्तूची यादी, पलंग, कपाट, शिवणयंत्र, आणि खाली कचेरीचा शिक्का. मिळालेली रक्कम फार नव्हती, पण त्यावर आईने नवं शिवणयंत्र घेतलं आणि त्यावर तीन मुलं वाढवली. आजी आयुष्यभर सीडीयूला मत देत आल्या, ते या फाइलमुळे. त्यामुळे 'सगळं दाखवायचं' हे मला जड जातं.

राइनकाठ, एक मात्र खरं की या पक्षाच्या खात्यावर नको ते श्रेयही जमा होतं. मागे कोणीतरी रविवारची बंद दुकानं सीडीयूमुळे असं लिहिलं होतं. ते संरक्षण १९१९ च्या वायमार घटनेतलं, आजच्या घटनेने ते जसंच्या तसं उचललंय.

राइनकाठ
निर्भीड_वाचक, ग्लोब्केचं समर्थन कोणीच करू नये, मीही करणार नाही. आडेनाउअर यांनी त्याला ठेवलं हा डाग आहे. र्‍युटगर्स यांची घोषणा लाजिरवाणीच होती. ते ती निवडणूक हरले.

पण निवडणुकीआधी कायदा केला म्हणून कायदा खोटा ठरत नाही. शिवाय निम्म्या मालमत्तेएवढा कर बसवून कोणता पक्ष मतं मिळवायला जातो? घरं वाचलेले, शेती असलेले हेच तर त्यांचे मतदार होते. आपल्याच माणसांच्या खिशात हात घालायला नुसता हिशेब पुरत नाही.

मेर्त्सवर मी चिडलोय तो याच कारणाने. ज्या पक्षाकडून अपेक्षाच नाही त्याला चर्च पत्र कशाला लिहील?

निर्भीड_वाचक
अपेक्षा ठेवा, पण पुरावा आजचा द्या. ६ मे २०२५ ला मेर्त्स चॅन्सेलर झाले, तेही दुसऱ्या फेरीत. दुसऱ्याच दिवशी सीएसयू या बव्हेरियातल्या जोडपक्षाच्या गृहमंत्र्यांनी आश्रय मागणाऱ्यांनाही सीमेवरून परत पाठवायचा आदेश काढला. जूनमध्ये बर्लिनच्या न्यायालयाने तीन सोमाली लोकांच्या बाबतीत ते बेकायदा ठरवलं, तरी सरकार मागे हटलं नाही. १९५२ मध्ये हाकललेल्यांसाठी हप्ते भरायला लावणारा पक्ष तो हाच, असं म्हणताय ना? मग मला तुमच्याकडून ऐकायचंय की यातला ख्रिस्ती विचार कुठला.

नेकारवाली
मी आजींना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "आम्हालाही तेव्हा कोणी हसून घरात घेतलं नव्हतं. कायदा होता म्हणून घेतलं." फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत त्यांनी पहिल्यांदाच दुसऱ्या पक्षाला मत दिलं. कोणाला, ते सांगितलं नाही.